ब्लूबेरी शेतात आली कशी, आणि माझं तोडलेलं जांभूळ

तीन वर्षांपूर्वी मोबाईलवर व्हिडिओ बघून मी ब्लूबेरीची 40 रोपं आणली. रोपवाला म्हणाला, शिरूरची जमीन चालते, शेणखत भरपूर घाला. सावली नको म्हणून बांधावरचं आजोबांच्या वेळचं जांभूळ तोडलं. पहिल्या पावसाळ्यातच पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. उसाला लोह कमी पडून केवडा येतो ना, अगदी तसं. उन्हाळ्यापर्यंत एकही रोप राहिलं नाही. मग या पिकाचा इतिहास वाचत बसलो. खरं तर हे आधी करायचं होतं.

सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत ब्लूबेरी हा रानमेवाच होता, आपल्या करवंदासारखा. अमेरिकेत लोक रानातून वेचून आणायचे. झुडूप आणून बागेत लावलं तर ते टिकायचं नाही. तिथल्या सरकारी कृषी खात्यातले फ्रेडरिक कोव्हिल यांनी प्रयोग करून 1910 साली कारण छापलं. हिला आम्ल माती लागते. चुना आणि शेणखत घातलेली कसदार जमीनच हिला मानवत नाही. म्हणजे माझी चूक शंभर वर्षांपूर्वीच छापून आली होती!

ते वाचून न्यू जर्सीतल्या एका शेतकऱ्याची मुलगी, एलिझाबेथ व्हाइट, यांनी 1911 साली कोव्हिलना पत्र लिहिलं आणि दोघं एकत्र कामाला लागले. रानात फळं वेचणाऱ्यांना बाईंनी भोक पाडलेली पट्टी दिली, भोक इंचाच्या पाच अष्टमांश. त्यात न मावणारं फळ ज्या झुडपाला, ते दाखवा आणि पैसे घ्या. झुडपाला नाव शोधणाऱ्याचंच. ‘रुबेल’ ही जात अशीच निघाली, आजही लावतात. 1916 साली लागवडीचं पहिलं फळ बाजारात गेलं.

पुढं जाती पुष्कळ झाल्या. उत्तरेकडच्या जातींना हिवाळ्यात 7 अंशाखाली 800 ते 1000 तास थंडी लागते. दक्षिणेच्या रानटी झुडपांशी संकर करून कमी थंडीच्या जाती काढल्या. सामू मात्र साडेचार ते साडेपाचच्या आसपासच पाहिजे. माझ्या मातीचा आला 8.2, खाली चुनखडी. गंधक किती ओतणार? आपल्याकडं कोकोपीटच्या कुंड्यांत, आम्ल पाणी देऊन करतात. भांडवल असेल त्यानं करावं.

तिचं कौतुक मुख्यतः निळ्या रंगाचं, म्हणजे अँथोसायनिनचं. जांभूळ खाऊन जीभ रंगते ती त्याच गटातल्या रंगानं, जरी जांभूळ पेरूच्या कुळातलं असलं तरी. बियांची पूड मधुमेहावर जुन्या काळापासून घेतात. पण तिच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी सोडू नका.

आणि व्हाइटबाईंचं काम आपल्याकडंही झालंय. पालघर तालुक्यातल्या बहाडोलीच्या टपोऱ्या जांभळांतून दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ‘कोकण बहाडोली’ ही जात दिली. आपल्या बांधावरची झाडं मात्र कुणी मोजली नाहीत.

माझ्या खोडाला फुटवे आलेत, दोन राखलेत. भीमेपलीकडं, दौंडच्या बाजूला, टपोऱ्या फळाचं एक झाड आहे म्हणतात. ज्येष्ठात फळ बघून येतो. पट्टी करून ठेवलीय. फळ मोठं निघालं तर मालकाला विचारून कलमाला काडी आणीन.