सहा महिन्यांनी परत या

‘बहुधा निरुपद्रवी. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.’ मॅमोग्राफीच्या रिपोर्टच्या तळाशी हे वाक्य वाचून बाई घरी येते आणि त्यातल्या ‘बहुधा’ला अडकून बसते. डॉक्टरला नीट कळलं नाही म्हणून त्यानं वेळ मारून नेली, असाच त्याचा अर्थ घरोघरी लावला जातो. मागे वळून पाहिलं तर मात्र हे ‘बहुधा’ वैद्यकानं फार कष्टानं कमावलेलं दिसतं. त्याआधी बायकांना निश्चित उत्तर मिळत असे खरं, पण त्याची किंमतही तशीच होती.

१९१३ साली बर्लिनच्या अल्बर्ट सॉलोमन या सर्जननं शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे एक्स-रे काढले. फिल्मवर त्याला गाठी दिसल्या, आणि काही ठिकाणी मिठाची चिमूट सांडावी तसे बारीक पांढरे ठिपकेही. हे कॅल्शियमचे कण. त्यांचं महत्त्व त्याच्या ध्यानात आलं नाही. ते ओळखलं उरुग्वेच्या राउल लेबोर्ग्न यांनी, १९५०च्या आसपास. ठिपके गोल, एकसारखे, विखुरलेले असले तर सहसा काळजी नसते. एका जागी गर्दी करून, वेडेवाकडे किंवा रेघेत असले तर संशय घ्यायचा. या दोहोंच्या मधे बरेच ठिपके पडतात, आणि आपलं ‘बहुधा’ तिथलं. १९६३मध्ये न्यूयॉर्कला सुमारे बासष्ट हजार बायकांची चाचणी सुरू झाली आणि तपासणीमुळे मृत्यू कमी होतात असं तिच्यातून दिसलं. मग कसलाही त्रास नसलेल्या बायकाही यंत्रासमोर उभ्या राहू लागल्या. रोग जितका लवकर शोधावा तितकं त्याचं रूप अर्धवट असतं. कोंब दोन पानांचा असताना तण की पीक, हे जाणत्या शेतकऱ्यालाही छातीठोक सांगता येत नाही.

त्या काळी निश्चितीची हौस कशी भागवत ते पाहण्यासारखं आहे. गाठ लागली की बाईला भूल देत, तुकडा काढून गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, आणि कर्करोग दिसला तर त्याच भुलीत अख्खा स्तन काढून टाकत. संमतीची सही आधीच घेतलेली असे. शुद्धीवर आल्यावर छातीवरच्या पट्ट्या चाचपूनच तिला आपलं निदान कळे. अमेरिकेत रोझ कुशनर या पत्रकार बाईंनी याविरुद्ध रान उठवलं, आणि १९७९मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेनं निदान आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वेळी करण्याची शिफारस केली. मधे थांबून विचार करायची सवड बाईला मिळाली ती अशी. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या एडवर्ड सिकल्स यांनी थांबण्यालाच मोजपट्टी लावली. ‘बहुधा निरुपद्रवी’ वाटलेली ३,१८४ प्रकरणं लगेच बायोप्सी न करता त्यांनी ठरावीक काळानं पुन्हापुन्हा तपासली. १९९१मध्ये निकाल छापला: कर्करोग १७ निघाले, म्हणजे दोनशेत एकाच्या आसपास, आणि तेही सुरुवातीच्या टप्प्यातले. बाय-रॅड्स नावाच्या वर्गीकरणातला तिसरा वर्ग तो हाच. शक्यता दोन टक्क्यांपर्यंतच असेल तरच तो द्यायचा. (रिपोर्टवर शून्य पाहून हायसं वाटून घेऊ नये. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी.)

यावर कोणी म्हणेल, दोन टक्के हा डॉक्टरचा आकडा, झोप उडते ती बाईची. खरं आहे. दहा वेळा मॅमोग्राफी केलेल्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांना एकदा तरी खोटी धास्ती बसते, असा हिशेब १९९८मध्ये अमेरिकेत मांडला गेला. पण दुसरी वाट म्हणजे एका कर्करोगासाठी दोनशे जणींना सुई टोचायची. हे सुखवस्तूंचं दुखणं आहे, आपल्याकडे बाई पोचते तीच उशिरा, हाही आक्षेप येतो. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८पासून टाटा मेमोरियलनं सुमारे दीड लाख बायकांमध्ये चाचणी केली. यंत्र नव्हतं, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासत. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी भरले. तिथेही बोटांना लागलेलं ‘काहीतरी’ नक्की नाही म्हणूनच पुढे पाठवलं जाई. तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. सहा महिन्यांनी पेरणी असते, लग्नसराई असते, मुलीचं बाळंतपण असतं. सिकल्स यांचा आकडा परत आलेल्या बायकांचा आहे. जी परत येत नाही तिच्यासाठी तो लागूच नाही.

घरात रोग असला की हा आकडा हलतो, आणि डॉक्टर सहा महिने न थांबता बायोप्सी करायला सांगू शकतात. फ्रान्सच्या पॉल ब्रोका यांनी १८६६मध्ये बायकोच्या माहेरच्या पिढ्या मांडल्या, तेव्हा २४ बायकांपैकी १० स्तनाच्या कर्करोगानं गेल्या होत्या. घराण्याचा भोग मानलं जाणारं दुखणं तिथे कागदावर मोजलं गेलं. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९०मध्ये सतराव्या गुणसूत्रावर त्याचा माग काढला. १९९४ आणि १९९५मध्ये या वारशामागची बीआरसीए नावाची दोन जनुकं हाती लागली. तरी असा वारसा हा कर्करोग झालेल्या दहांत एखादीचाच, आणि जनुकतपासणीतही ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. भारतीयांत तो जास्त येतो, कारण ताडून पाहायची भांडारं मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहेत.

हे जनुक बापाकडूनही तितकंच येतं. फॉर्मवर आई, बहीण, मावशी इतकं लिहून झालं की पेन थांबतं, तेव्हा आत्या राहून जाते. मराठीनं मावशी आणि आत्या हे शब्द इतके वेगळे ठेवले असताना ही चूक व्हायला नको. पण आपल्या नोंदींची रीतच तशी: कुलवृत्तांत मुलांच्या वंशानं चालतात, मुलगी लग्न होऊन गेली की तिची शाखा तिथेच खुंटते. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत पणजोबाचं गाव सापडतं. आत्या कशानं गेली, ते तिच्या सासरच्या एखाद्या म्हाताऱ्या जावेलाच विचारावं लागतं.