निमित्तावांचून हसणें

भिवंडी हें मागांचें गांव. येथें दिवस उजाडतो तो यंत्रमागांच्या खडखडाटांत. अशा ठिकाणीं चार माणसांनीं बागेंत जमून, हात वर करून, कांहीं कारण नसतां मोठ्यानें हसावें, हा व्यायाम ऐकणारास चमत्कारिकच वाटेल. परंतु त्याचा इतिहास पाहिला म्हणजे, भिवंडीसारख्या गांवासच तो विशेष मानवेल असें वाटूं लागतें.

आपल्याकडे हसण्याचीही प्रतवारी फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित व हसित हीं उत्तमांचीं, विहसित व उपहसित मध्यमांचीं, अपहसित व अतिहसित अधमांचीं. दांत न दाखवितां हसेल तो थोर, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसेल तो हलका! हाच दंडक घरोघर चालत आला. स्त्रियांच्या बाबतींत तर अधिकच कडकपणें.

व्यायामालाही अशाच मर्यादा होत्या. तालमींतली लाल माती तरुण पुरुषांची, योगसाधना विरक्तांची. ही कुंपणें विसाव्या शतकांत मोडलीं. १९१८ सालीं श्रीयोगेंद्रांनीं मुंबईस योगसंस्था काढली. १९२४ सालीं स्वामी कुवलयानंदांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसन-प्राणायामांची शास्त्रीय तपासणी आरंभिली. औंधच्या पंतप्रतिनिधींनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. श्वासाचा अभ्यास संसारी माणसाच्या अंगणांत आला.

हास्य आणि श्वास ह्यांची गांठ मात्र पुष्कळ उशिरां पडली. १३ मार्च १९९५ रोजीं डॉ. मदन कटारिया ह्यांनीं मुंबईंतील अंधेरीच्या एका बागेंत अवघ्या चार जणांस सोबत घेऊन हास्यमंडळ सुरू केलें. प्रथम रोज विनोद सांगत. पंधरवड्यांत चांगले विनोद संपले. उरले ते कोणाला तरी टोंचणारे. तेव्हां विनोदच वगळावा, हसणें ठेवावें, असें ठरलें. त्यांच्या पत्नी माधुरी योग शिकवीत. त्यांतून प्राणायामाची जोड मिळाली. पुढें १९९७ सालीं पुण्यास नवचैतन्य हास्ययोग परिवार उभा राहिला, आणि मे महिन्याचा पहिला रविवार जगभर हास्यदिन म्हणून पाळला जाऊं लागला.

विनोद वगळला, ही ह्या कथेंतली खरी घटना होय. विनोदाला बहुधा लक्ष्य लागतें. कोणी तरी हसें व्हावें लागतें. शिवाय विनोदाला भाषा लागते. भिवंडींत आगरी-कोळ्यांची मराठी, उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांची उर्दू आणि पद्मशाळींची तेलुगू एकाच गल्लींत ऐकूं येते. एकाचा विनोद दुसऱ्याला कळत नाहीं, आणि कळला तर कधीं कधीं झोंबतो. निमित्तावांचूनच्या हसण्याला मात्र दुभाषा नको.

१९७० व १९८४ सालच्या दंगलींनीं ह्या गांवाची मान खालीं घातली. १९८८ सालीं पोलीस अधिकारी सुरेश खोपडे ह्यांनीं मोहल्ला समित्या उभारल्या. निरनिराळ्या धर्मांचे शेजारी नियमानें एकत्र बसूं लागले. १९९२-९३ सालीं मुंबई पेटली असतां भिवंडी शांत राहिली. ही पुण्याई हास्याची नव्हे. पण नित्य एकमेकांचें तोंड पाहणाऱ्या माणसांवर अफवेची सत्ता सहसा चालत नाहीं, हा धडा हास्यमंडळासही लागू पडतो.

हसण्यानें रोग बरे होतात, असें मी सांगणार नाहीं. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार ह्यांच्या २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत खळखळून हसल्यानंतर वेदना सोसण्याची शक्ति वाढलेली आढळली. इतकाच पुरावा मला पुरे आहे.

एक शल्य मात्र उरतें. बारा तासांची रात्रपाळी करून, कापसाची धूळ छातींत घेऊन मागावरचा कामगार घरीं परततो, त्याच वेळीं पेन्शनर मंडळी बागेकडे निघतात. मोकळ्या श्वासाची गरज अधिक कोणाला? एके काळीं मोठ्यानें हसणें कष्टकऱ्याचें, म्हणून हलकें ठरलें. आज तें आरोग्याचें साधन ठरलें, तर त्याच कष्टकऱ्याला सवड नाहीं. त्याची पाळी आठ तासांची होऊन तोही त्या वर्तुळांत उभा राहील, त्या दिवशीं भिवंडीचें हसणें खरें सर्वांचें होईल.