फियाटवरचं ओलं फडकं

कुर्ल्यात बनणाऱ्या फियाटचं नाव १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं. आमच्या घरी मात्र ती फियाटच राहिली. मे महिन्यात तापली की बंद! बाबांनी कॉइल बदलली. खंडाळ्याच्या घाटात पुन्हा तेच.

तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने आधी प्लग काढून ठिणगी पाहिली. ठिणगी होती, म्हणजे गडबड पेट्रोलची. कॉइलही तापल्यावरच दगा देते ना, म्हणून हा घोळ होतो. त्याने पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवलं. पंप इंजिनलाच बसवलेला. आत पेट्रोलची वाफ झाली की तो नुसताच फडफडतो. थोड्या वेळाने गाडी सुरू.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. बाबांची जुनी, धडधाकट कॉइल अजून माळ्यावर आहे.