चष्मा : भिंगे व लोलक यांचा इतिहास

चष्मा : दृष्टिदोषाचे निवारण करण्यासाठी चौकटीत बसवून डोळ्यांपुढे धारण करावयाची भिंगांची किंवा लोलकांची जोडी म्हणजे चष्मा होय. हा शब्द ‘डोळा’ या अर्थाच्या ‘चश्म’ या फार्सी शब्दावरून आला आहे. या साधनाच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट अशी की, त्याचा उपयोग प्रथम कारागिरांच्या हाती आला आणि त्याचे कारण शास्त्रज्ञांना सु. तीनशे वर्षांनी उमगले.

चष्मा तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत तयार झाला. जॉर्दानो दा पीसा या धर्मोपदेशकांनी १३०६ मध्ये फ्लॉरेन्स येथील एका प्रवचनात ही कला सापडून वीस वर्षेही झाली नसल्याचे व तिच्या शोधकास आपण स्वतः पाहिल्याचे सांगितले. शोधकाचे नाव मात्र सांगितले नाही. पीसा येथील आलेस्सांद्रो देल्ला स्पीना (मृ. १३१३) या मठवासीयांनी दुसऱ्याने गुप्त ठेवलेली ही कृती स्वतः साध्य करून ती सर्वांना मोकळेपणाने शिकविली, अशी त्यांच्या मठाच्या बखरीत नोंद आहे. फ्लॉरेन्सच्या साल्वीनो देल्यी आर्माती यांना पुष्कळ पुस्तकांतून दिले जाणारे श्रेय सतराव्या शतकातील बनावट माहितीवर आधारलेले असून ते ग्राह्य नाही. व्हेनिसमध्ये तर १३०० सालीच साधी काच स्फटिक म्हणून विकण्यास मनाई करणारे नियम झाले होते. म्हणजे धंद्याबरोबर लबाडीही आली होती.

हे पहिले चष्मे बहिर्वक्र (मध्याशी जाड) भिंगांचे होते व ते वृद्धदृष्टितेवर उपयोगी पडत. वयाच्या चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होऊन जवळचे अक्षर अस्पष्ट दिसू लागते. ग्रंथांच्या नकला करणारा लेखक, सोनार किंवा विणकर यांचे हात कुशल असूनही त्यामुळे त्यांचा व्यवसाय थांबत असे; चष्म्याने त्यांचे उमेदीचे आयुष्य वाढविले. दूरचे न दिसणाऱ्यांसाठी (निकटदृष्टिता) लागणारी अंतर्वक्र (मध्याशी पातळ) भिंगे पंधराव्या शतकात प्रचारात आली. मिलानचे ड्यूक फ्रांचेस्को स्फॉर्त्सा यांनी १४६२ मध्ये फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागविले. त्यांपैकी एक डझन तरुणांना दूरचे पाहण्यासाठी, तर एक डझन वृद्धांना जवळचे पाहण्यासाठी हवे होते. भारतात विजयानगर येथील माध्व आचार्य व्यासतीर्थ हे सु. १५२० मध्ये चष्मा लावून ग्रंथ वाचीत, असा उल्लेख सोमनाथ कवीच्या व्यासयोगिचरित या संस्कृत काव्यात आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे (१८९१–१९६१) यांनी भारतातील चष्म्याच्या इतिहासावरील आपल्या लेखात त्याकडे लक्ष वेधले.

वैद्य मात्र बराच काळ साशंक राहिले. जर्मन नेत्रशल्यज्ञ गेओर्ख बार्टिश यांनी १५८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चष्मा न वापरण्याचाच सल्ला दिला. दृष्टीची क्रिया डोळ्यातील भिंगातच घडते, असा समज रूढ असल्याने बाहेरची काच तिला कसे साहाय्य करते, हे सांगता येणे शक्य नव्हते. हा प्रश्न योहानेस केप्लर (१५७१–१६३०) यांना त्यांच्या एका आश्रयदात्याने विचारला होता. केप्लर स्वतः निकटदृष्टी होते. त्यांनी १६०४ मध्ये दाखविले की, डोळ्यात शिरणाऱ्या किरणांपासून जालपटलावर (दृष्टिपटलावर) उलटी प्रतिमा पडते. निकटदृष्टितेत किरण जालपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात. अंतर्वक्र भिंग त्यांना थोडे फाकवून तो बिंदू मागे सरकविते. वृद्धदृष्टितेत जवळच्या वस्तूपासून येणारे किरण जालपटलापर्यंत पुरेसे एकवटत नाहीत. तेथे बहिर्वक्र भिंग साहाय्यास येते.

एकोणिसाव्या शतकातही कारागिराचा अनुभव सिद्धांताच्या पुढेच होता. टॉमस यंग (१७७३–१८२९) यांना स्वतःच्या डोळ्याची आडव्या व उभ्या दिशांतील शक्ती वेगवेगळी असल्याचे आढळले व त्यांनी १८०१ मध्ये ते प्रसिद्ध केले. काही गिऱ्हाइकांना काच तिरपी धरल्यास अधिक स्पष्ट दिसते, हे लंडनच्या एका चष्मेवाल्यास तोपर्यंत ठाऊकच होते. जॉर्ज एअरी (१८०१–९२) यांनी आपल्या डाव्या डोळ्यातील याच दोषासाठी (दृष्टिवैषम्य) १८२५ मध्ये एक पृष्ठ चितीय (दंडगोलाकार) असलेले भिंग घडवून घेतले. पुढे फ्रान्सिस्कस डॉन्डर्स (१८१८–८९) यांच्या १८६४ च्या ग्रंथाने दूरदृष्टिता व वृद्धदृष्टिता हे दोन निराळे दोष असल्याचे स्पष्ट केले. तत्पूर्वी वाचताना डोळे शिणणाऱ्या तरुणांचा रोग असाध्य समजून त्यांना लेखन-वाचन सोडण्याचा सल्ला मिळे. त्यांच्यापैकी अनेकांना केवळ बहिर्वक्र भिंगाची गरज होती. भिंगाची शक्ती मोजण्याचे ‘डायॉप्टर’ हे नाव फेर्दिनां मॉन्वाये यांनी १८७२ मध्ये सुचविले, १ मी. केंद्रांतराच्या भिंगाची शक्ती १ डायॉप्टर असते.

लोलकाचे कार्य याहून वेगळे आहे. तो अस्पष्ट प्रतिमा स्पष्ट करीत नाही, तर तिची जागा बदलतो. किरण लोलकाच्या जाड बाजूकडे (पायाकडे) वळतात, त्यामुळे वस्तू पातळ कडेकडे सरकल्यासारखी भासते. दोन्ही डोळ्यांच्या दिशा जुळत नसल्या, म्हणजे मेंदूस दोन प्रतिमा मिळून एकाच वस्तूच्या दोन दिसतात. अशा वेळी लोलक एक प्रतिमा दुसरीवर आणून ठेवतो. डोळा नाकाकडे वळलेला असल्यास लोलकाचा पाया कानाच्या बाजूस ठेवतात. स्नायूंचा मूळ दोष मात्र त्यामुळे नाहीसा होत नाही. न्यूयॉर्कचे चष्मातज्ज्ञ चार्ल्स प्रेंटिस यांनी १८९० मध्ये लोलकाचे माप ठरविले : १ मी. अंतरावर किरण १ सेंमी. सरकविणारा लोलक १ लोलक-डायॉप्टर शक्तीचा होय.

वास्तविक प्रत्येक भिंगात लोलक दडलेला असतो. मध्यबिंदू सोडून कडेने पाहिल्यास भिंग लोलकाप्रमाणे वागते व मध्यापासूनचे अंतर (सेंमी.) आणि भिंगाची शक्ती यांचा गुणाकार केल्यास त्याची लोलक-शक्ती मिळते. ४ डायॉप्टरचे भिंग ५ मिमी. बाजूला बसविले गेल्यास २ लोलक-डायॉप्टर परिणाम घडतो. तो अनपेक्षित असल्यास डोके दुखते, हेतुपूर्वक असल्यास निराळा लोलक बसविण्याची गरज उरत नाही. म्हणूनच काच कापण्यापूर्वी दोन्ही बाहुल्यांमधील अंतर मोजावे लागते. अधिक शक्तीचा लोलक जाड व जड होतो. ही अडचण ओग्यूस्तँ फ्रेनेल (१७८८–१८२७) यांनी दीपगृहांसाठी योजिलेल्या खाचांच्या भिंगाच्या तत्त्वावर दूर करण्यात आली. १९७०च्या सुमारास प्रचारात आलेला पातळ प्लॅस्टिकचा लोलक-पत्रा चष्म्याच्या काचेवर नुसता चिकटविता येतो. त्यातून दृष्टी किंचित धूसर होते. परंतु पक्षाघातानंतर दुहेरी दिसणाऱ्या रुग्णाचा डोळा सुधारत गेला, तर पत्रा काढून कमी शक्तीचा दुसरा लावता येतो.