नाव घराचं की माणसाचं? ब्रिज आणि पीपीपीओई यांचा एक छोटा इतिहास

आजचा विषय काहींना तत्त्वज्ञानाच्या निवृत्त माणसाला न शोभणारा वाटेल. मोडेम ‘ब्रिज’वर ठेवावा की ‘पीपीपीओई’वर, हा प्रश्न साधारणपणे जोडणीला आलेल्या मुलाला विचारायचा असतो. तो ‘राहू द्या काका, मी करतो’ म्हणतो, दोन मिनिटं काहीतरी टंकतो आणि निघून जातो. त्या दोन मिनिटांत आपल्या घराबद्दल एक निर्णय झालेला असतो, आणि त्या निर्णयाला इतिहास आहे. आम्हाला त्यात रस आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ. टेलिफोनच्या तारेवरून किंवा काचेच्या तंतूवरून जे येतं ते आपल्या संगणकाला कळेल अशा रूपात आणणं, हे मोडेमचं मूळ काम. ब्रिज पद्धतीत तो एवढंच करतो. या बाजूची चिठ्ठी त्या बाजूला देतो, ती वाचत नाही. कंपनीकडे आपलं खातं सांगणं, पासवर्ड देणं आणि पत्ता मिळवणं ही कामं आपला संगणक करतो, किंवा आपण विकत घेतलेला वेगळा राउटर करतो. पीपीपीओई पद्धतीत खातं आणि पासवर्ड मोडेमच्या पोटात लिहून ठेवतात. बाहेरचा पत्ता मोडेमलाच मिळतो, आणि घरातल्या यंत्रांना तो 192.168 ने सुरू होणारे आतल्या वापराचे पत्ते वाटतो. बाहेरच्या जगाला दिसतो फक्त मोडेम.

आता एक गंमत बघा. पीपीपीओई ही ब्रिजची विरोधी गोष्ट नाहीच. उलट ती ब्रिजसाठीच जन्माला आली.

नव्वदच्या दशकात घरचं इंटरनेट म्हणजे फोन लावणं. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमनं ही सेवा सर्वसामान्यांसाठी सुरू केली. मोडेमचा तो किरकिरणारा आवाज तुमच्यापैकी अनेकांच्या कानात अजून असेल. त्या काळी दोन टोकांमध्ये ओळख पटवून घेण्याची जी रीत होती तिचं नाव पीपीपी, म्हणजे दोन बिंदूंमधला करार. 1994 साली तिचा प्रमाण मसुदा ठरला. कोण आला, किती वेळ थांबला, बिल किती, हे सगळं त्या करारावर उभं होतं. मग डीएसएल आलं. तार सतत जिवंत राहू लागली आणि संगणकाला इथरनेटची वायर जोडता येऊ लागली. पण इथरनेटला ‘कोण आलं’ हा प्रश्नच पडत नाही. वायर जोडली की तुम्ही आत. कंपन्यांची पंचाईत झाली, कारण त्यांची हिशेबाची सगळी व्यवस्था जुन्या करारावर बेतलेली होती. म्हणून फेब्रुवारी 1999 मध्ये आरएफसी 2516 या क्रमांकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. इथरनेटच्या पाकिटात पीपीपीचं पाकीट घालायचं, एवढीच त्यातली युक्ती.

त्यातला संवाद मोठा मानवी आहे. संगणक आधी सगळीकडे हाक देतो, ‘कोणी आहे का?’ पलीकडचं यंत्र सांगतं, ‘मी आहे.’ संगणक म्हणतो, ‘मग मला तुमच्याशी बोलायचं आहे.’ ते यंत्र एक क्रमांक देतं, आणि बैठक सुरू होते. निघताना निरोपाची चिठ्ठीसुद्धा आहे. या सगळ्या सोपस्काराला प्रत्येक पाकिटात आठ बाइट खर्च होतात, म्हणून 1500 च्या जागी 1492 हा आकडा मोडेमच्या पडद्यावर दिसतो. काही संकेतस्थळं अर्धवट उघडतात, त्यामागे कधी कधी हे आठ बाइट असतात.

पण आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते त्या मसुद्याच्या सुरुवातीला सांगितलेलं उद्दिष्ट. घरात साधं ब्रिज करणारं उपकरण असेल, त्याच्या मागे अनेक संगणक असतील, आणि प्रत्येक संगणक आपापली बैठक स्वतः सुरू करील. प्रवेश, आकारणी आणि सेवेचा प्रकार हे जागेप्रमाणे न ठरता वापरणाऱ्याप्रमाणे ठरेल. म्हणजे घर हा ग्राहक नव्हे, माणूस हा ग्राहक. आपल्या भाषेत सांगायचं तर रेशनकार्ड नव्हे, मतदार ओळखपत्र.

प्रत्यक्षात झालं उलट. मे 1994 मध्येच नॅट नावाची एक तोड सुचवली गेली होती. पत्ते अपुरे पडणार हे दिसत होतं, म्हणून अनेक यंत्रांनी बाहेर एकच पत्ता वापरायचा. लेखकांनी ती तात्पुरती सोय म्हणूनच मांडली होती. (तात्पुरत्या सोयींचं आयुष्य किती असतं, ते आपल्या शहरांतल्या पत्र्याच्या शेडांना विचारा.) ही तोड आणि पीपीपीओई एकाच डब्यात बसल्यावर मोडेम एकत्र कुटुंबाचा कर्ता झाला. व्यवहार त्याच्या नावानं होतात, आत कोण काय करतं ते बाहेरच्याला दिसत नाही. बाहेरच्याला कर्ता माहीत, बाकीचे ‘घरचे’.

आपल्याकडे 2004 च्या ब्रॉडबँड धोरणानं किमान 256 केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटलं, आणि 2005 च्या जानेवारीत भारत संचार निगमची डेटावन सेवा सुरू झाली. मुंबईत महानगर टेलिफोन निगम होतंच. त्या पहिल्या वर्षांत पुष्कळ घरांत मोडेम ब्रिजवर असे, आणि त्यामागे कुठलंही तत्त्व नव्हतं. होती ती काटकसर. अडीचशे रुपयांच्या योजनेत महिन्याला 400 एमबी मिळत. मोडेमनं स्वतः जोडणी केली, तर तो चालू आहे तोवर जोडलेला राहतो, आणि संगणक गुपचूप काहीबाही उतरवत बसतो. ब्रिजमध्ये पडद्यावरचं ‘कनेक्ट’ आपण दाबायचं आणि काम झालं की ‘डिसकनेक्ट’ही आपणच दाबायचं. एसटीडी बूथमधल्या लाल आकड्यांकडे बघत बोलायला शिकलेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागलं नाही. रात्री दोन ते सकाळी आठ मोजणी नसलेल्या योजनांनी किती तरुणांची झोप खाल्ली, त्याचा इतिहास कोणी तरी लिहायला हवा.

एका खात्यावर एका वेळी एकच बैठक, हा मात्र सर्रास नियम होता. त्यामुळे ब्रिज म्हणजे एका वेळी एकच संगणक. मसुद्यातलं ‘प्रत्येक माणसाची स्वतंत्र बैठक’ हे स्वप्न आपल्या घरांत कधी आलंच नाही. घरात दुसरा संगणक आला, मग लॅपटॉप, मग वायफाय, आणि ज्याला त्याला ‘पीपीपीओई करून द्या’ असं वाटू लागलं. सोय मोठी होती, आम्ही नाकारत नाही. पण त्या सोयीबरोबर काय आलं?

26 जुलै 2008. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना ई-मेल गेला. तो ज्या पत्त्यावरून गेला त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या एका फ्लॅटवर पोचले. तिथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाची चौकशी झाली. त्याच्या घरचं वायफाय दुसऱ्या कोणी वापरलं होतं, असं पुढे तपासात दिसलं. पत्ता खरा होता, पण तो घराचा होता. कृत्य माणसाचं होतं. या दोहोंतलं अंतर मोजायला त्या आकड्यात काहीच सोय नव्हती. कर्त्याच्या नावावर कोणीही व्यवहार करून गेलं तर उत्तर कर्त्यानं द्यायचं, हा कायद्याच्या पुस्तकातला जुना पेच त्या दिवशी एका राउटरच्या रूपानं दारात उभा राहिला.

मोडेम नुसता ब्रिजवर असेल, तर वायफाय उघडं राहिलं तरी पाहुण्याला बाहेर पडायला खातं आणि पासवर्ड लागतो. म्हणजे तेवढ्यापुरता माणूस ओळखला जातो. पण याचा अर्थ ब्रिज सुरक्षित, असं कोणी घेऊ नये. ब्रिजमध्ये बाहेरचा पत्ता थेट संगणकालाच मिळतो. 2003 च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाची कीड जगभर पसरली, तेव्हा असे उघडे संगणक तिचं पहिलं भक्ष्य होते. विंडोज एक्सपीत राखणदार भिंत आपोआप चालू राहू लागली ती 2004 च्या दुसऱ्या सुधारित आवृत्तीनंतर. पीपीपीओईवरच्या मोडेममागे बसलेल्यांना मात्र नॅटनं नकळत आडोसा दिला. न मागता आलेला पाहुणा कोणाकडे आला हे मोडेमला कळत नाही, म्हणून तो त्याला आत सोडत नाही. अज्ञानातून निघालेलं संरक्षण आहे, पण आहे.

मग कर्त्यावरच हल्ले सुरू झाले. नोव्हेंबर 2016 मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचे राउटर एका हल्ल्यात कोलमडले. आपल्याकडे 2017 च्या जुलैमध्ये हजारो मोडेम बंद पडले, आणि ज्यांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता त्यांना तडाखा बसला.

म्हणून निवड करताना आम्ही एकच विचारतो: दारावर कोण बसणार, आणि त्याला कोण जागं ठेवणार? तुमच्याकडे स्वतःचा चांगला राउटर असेल, त्याचं सॉफ्टवेअर तुम्ही अद्ययावत ठेवत असाल, तर कंपनीचा डबा ब्रिजवर टाका आणि पीपीपीओई राउटरमध्ये भरा. दोन्ही डब्यांना राउटर होऊ दिलंत तर एका घरात दोन कर्ते होतात, आणि बाहेरून घरचा कॅमेरा बघायचा म्हटलं की कुठल्या कर्त्यानं आत न्यायचं याचा घोळ होतो. हे सगळं करायची हौस नसेल, तर पीपीपीओई मोडेममध्येच राहू द्या. फक्त त्याचा मूळ पासवर्ड आजच्या आज बदला, वायफायला कुलूप लावा.

आणि एक तपासा. मोडेमच्या पानावर बाहेरचा पत्ता काय दिसतो ते पाहा. तो 100.64 ते 100.127 या पट्ट्यात सुरू होत असेल, तर कंपनीनं तुमच्या घरालाही आपल्या मोठ्या नॅटच्या आत घेतलेलं आहे. पत्त्यांचा मध्यवर्ती साठा 3 फेब्रुवारी 2011 रोजी वाटून संपला. एप्रिल 2012 मध्ये हा पट्टा खास या कामासाठी राखून ठेवला गेला. अशा जोडणीत तुम्ही ब्रिज निवडा की पीपीपीओई, बाहेर दिसणारा पत्ता तुमच्या घराचाही नसतो. तो अनेक अनोळखी घरांचा सामाईक असतो, आणि त्या क्षणी त्या पत्त्यामागे कोणतं घर होतं हे फक्त कंपनीच्या नोंदवहीत असतं. ती नोंदवही कोणाला, कधी आणि कशासाठी उघडून दाखवायची, यावर आपण पुढच्या वेळी बोलू. आता प्रश्न घेऊ या.