अक्षरांपूर्वीचा संवाद

लेखनाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे सुमेरच्या मृत्तिकापटांपासून किंवा मिसरच्या चित्रलिपीपासून आरंभ करण्याची रीत आहे. हा इतिहास उणापुरा पाच हजार वर्षांचा. परंतु खडकावर रंगाने काही उमटवून ते मागे ठेवून जाण्याची माणसाची सवय याहून कितीतरी पटींनी जुनी आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर एका गुहेत एक रानडुक्कर आणि त्याच्याभोवती माणसांसारख्या तीन आकृती काढलेल्या आहेत. हे चित्र निदान ५१ हजार वर्षांपूर्वीचे असावे, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. एकटे जनावर नव्हे, तर जनावर आणि माणसे यांच्यामधील काही प्रसंग त्यात आहे; म्हणजे कोणीतरी कोणाला तरी काही सांगतो आहे. या सांगण्याला संवाद म्हणता येईल काय, आणि म्हटल्यास त्यातले आपल्यापर्यंत किती पोचते, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

या चित्रांचा शोधही मोठ्या विलक्षण रीतीने लागला. स्पेनमधील आल्तामिरा येथील गुहेत मार्सेलिनो दे साउतुओला हे जमीनदार गृहस्थ १८७९ साली जमीन उकरून हाडे आणि दगडी हत्यारे शोधीत होते. त्यांची नजर खाली, तर बरोबर आलेल्या लहानग्या मुलीची वर. छतावरचे गवे प्रथम दिसले ते तिला. साउतुओला यांनी दुसऱ्याच वर्षी आपला शोध प्रसिद्ध केला. पण रानटी माणसाच्या हातून इतके देखणे चित्र उतरणे शक्य नाही, असा पंडितांनी निर्वाळा दिला. विरोधकांचे अग्रणी कार्तेलाक यांनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली ती १९०२ साली. तोपर्यंत साउतुओला यांना जाऊन चौदा वर्षे झाली होती.

आपल्याकडचा प्रकार याहून निराळा. पुढे कनिंगहॅम यांच्या हाताखाली पुरातत्त्व खात्यात काम केलेले कार्लाइल यांनी मिर्झापूरच्या बाजूच्या कैमूर टेकड्यांत १८६७-६८ च्या सुमारास, म्हणजे आल्तामिराच्या आधी दहा-बारा वर्षे, अशी चित्रे पाहिली होती आणि ती फार प्राचीन असावीत हेही ओळखले होते. परंतु त्यांनी ती प्रसिद्ध केली नाहीत. त्यांची टिपणे छापून आली ती १९०६ साली. सरकारी नोकरीत ज्यांची हयात गेली त्यांना याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही. माहिती असणे आणि ती दुसऱ्यापर्यंत पोचणे या दोन गोष्टींत केवढे अंतर असते, हे मात्र यावरून दिसते.

भीमबेटका हे नाव आज सर्वतोमुखी आहे, त्याचे श्रेय डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांचे. नीमचला जन्मलेले, उज्जैनला कर्मभूमी मानणारे हे माळव्यातले मराठी गृहस्थ स्वतः चित्रकार होते. १९५७ साली रेल्वेने जात असता भोपाळच्या दक्षिणेस विंध्याच्या कडेचे ते विचित्र कातळ त्यांना दिसले, आणि ते पायी वर चढून गेले. तेथे सातशेंहून अधिक शैलाश्रय आहेत. चारशेंहून अधिकांत चित्रे आहेत. १९७३ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र यांनी तेथे उत्खनन केले. त्याच संस्थेतर्फे यशोधर मठपाल यांनी एकेका आश्रयापुढे बसून चित्रांच्या हुबेहूब रंगीत प्रती उतरविल्या. २००३ साली या स्थळाची जागतिक वारशात गणना झाली.

भिंतीवर आहे तरी काय? हरणे, गवे, रानडुकरे, हत्ती. गाभण मादीच्या पोटातले पिलूसुद्धा बाहेरून दिसावे असे रेखाटलेले. शिकारी, हातात हात गुंफून नाचणाऱ्यांच्या ओळी. एका ठिकाणी शिंगे असलेले वराहासारखे एक अजस्र जनावर एका चिमुकल्या माणसाच्या पाठीस लागले आहे. यातली बरीच चित्रे मध्याश्मयुगातली. पण घोडेस्वार आणि ढालतलवारी घेतलेले योद्धे ऐतिहासिक काळातले. जनावर काढताना चित्रकाराचा हात रमलेला दिसतो, त्याचे वशिंड, मान, पळण्याची ढब सारे नेमके. माणूस मात्र काडीसारखा. मला वाटते, ज्याच्याविषयी सांगावयाचे तो विषय तपशीलवार, आणि जो सर्वांना ठाऊकच आहे तो खुणेपुरता, असा हा व्यवहार असावा.

त्याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट म्हणजे जुन्या चित्रावरच नवे चित्र काढलेले आढळते. शेजारी कोरा खडक असताना हजारो वर्षांच्या अंतराने आलेल्या माणसाने नेमकी तीच जागा निवडली. कचेरीत एकाच फायलीवर एकामागून एक अधिकारी आपला शेरा लिहीत जातात. आधीचा शेरा पुसत नाहीत, आणि आपलाही त्याच कागदावर हवा असतो. आधीच्यांनी काय लिहिले ते नंतरच्यांना समजत होते की नाही, हे भिंतीवरून सांगता येत नाही. येथे पूर्वी कोणी बोलून गेले आहे, एवढे त्यांना निश्चित समजले होते.

आपली स्थितीही फारशी निराळी नाही. विदिशेजवळ उदयगिरीच्या लेण्यांत शंखलिपीतील लेख आहेत. ते सुमारे दीड हजार वर्षांचे. लिहिणारे साक्षर, सुसंस्कृत. पण ते अद्याप सर्वमान्य रीतीने वाचता आलेले नाहीत. उलट भीमबेटकाचे हरीण चार वर्षांचे मूलही ओळखते. चित्राचा हा मोठाच विजय. पण त्यात एक फसगत आहे. हरीण ओळखले, म्हणून निरोप वाचला असे होत नाही. ते कालच्या शिकारीचे वर्णन आहे, उद्याच्या शिकारीसाठी मंत्र आहे, की कुळाचे दैवत? वारली चौकाशी किंवा भिलांच्या पिठोऱ्याशी तुलना करण्याचा मोह होतो, आणि ती उद्बोधकही असते. मात्र आजच्या वारल्याचे उत्तर दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या तोंडी घालणे हा दोघांवरही अन्याय आहे.

युरोपातील चित्रांच्या बाजूस ठिपके व रेघा असतात. त्या जनावरांच्या विणीच्या महिन्यांची मोजणी असाव्यात, असे लंडनचे बेनेट बेकन आणि त्यांचे सहकारी यांनी २०२३ साली मांडले. कल्पना चित्तवेधक आहे, परंतु बऱ्याच तज्ज्ञांना ती पटलेली नाही. आणि तज्ज्ञांचेही डोळे फसतात! भीमबेटकाच्याच एका गुहेच्या छतावर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा जीवाश्म सापडल्याची २०२१ ची वार्ता जगभर गाजली. दोन वर्षांनी सिद्ध झाले की तो मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा डाग होता.

आपल्या कोकणातील कातळशिल्पांनी तर हा प्रश्न अधिकच बिकट केला आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आणि गोव्यातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर कोरलेल्या या आकृतींची नोंद २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाली. राजापूर तालुक्यात कशेळीला सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या आकृती आहेत. गुहेतले चित्र समोर उभे राहणाऱ्यासाठी असते. येथे मात्र समोर असे काही नाहीच. जवळ उभे राहिल्यास पायाखाली केवळ चरे दिसतात, आणि संपूर्ण हत्ती एका नजरेत सामावतो तो उंचावरून. कोरणाऱ्याने तो स्वतः कधी तसा पाहिला नसेल. ज्याला तो दिसावा अशी त्याची इच्छा होती, तो पाहणारा खाली जमिनीवर नव्हता, असेच मानावे लागते.