खळं, मळणीचं मशीन आणि आमचा वीस गुंठे शाळू



गेल्या रब्बीला आमच्या गटातल्या नऊ जणींनी मिळून वीस गुंठे रान वर्षाच्या बोलीवर घेतलं आणि त्यात शाळू पेरला. विकायला नाही, घरच्या भाकरीला. हौस म्हणा हवं तर. माघात कणसं भरली, कडबा वाळला, आणि मशीनवाल्या दादांकडं गेलो तर ते हसले. म्हणाले, "ताई, एवढ्याशा कणसांसाठी ट्रॅक्टर जोडून आणला तर डिझेलसुद्धा निघायचं नाही."

परत येताना सगळ्या गप्प होतो. गटातल्या आमच्या आजी तेवढ्या म्हणाल्या, "आमच्या वक्ताला मशिनी होत्या व्हय? तवा काय जोंधळा रानातच ऱ्हायचा?"

त्या एका वाक्यामुळं मी सुगीच्या अवजारांच्या मागं लागले. आजींकडून जेवढं कळलं तेवढं लिहून घेतलं, बाकीचं पुस्तकांतून शोधलं. आज तेच सांगते.

सुरुवात फार मागं जाऊन करावी लागते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती सापडली. सातू, गहू, मसूर अशी धान्यं, ती साठवायची पेवं, आणि गारगोटीच्या जातीच्या दगडाची बोटाएवढी धारदार पाती. अशी पाती लाकडाच्या खाचेत ओळीनं बसवली की कापायचं हत्यार होतं. एक पातं तुटलं तर तेवढंच बदलायचं. आपला लोखंडी विळा त्याच हत्याराच्या वंशातला. ते पहिलं हत्यार बाईच्या हातात होतं की पुरुषाच्या, हे दगड सांगत नाही. मला आपलं वाटतं, दोघांच्याही असेल.

आता खळ्याकडं येऊ. ज्यांनी खळं पाहिलेलं नाही अशा मुली आपल्यात आता बऱ्याच आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते. रानातली टणक जागा बघायची, खणून पाणी मारायचं, तुडवून घट्ट करायची आणि शेणानं सारवायची. मधोमध लाकडाचा खांब रोवायचा, तो तिवडा. कणसं पसरायची आणि तिवड्याला बांधलेल्या बैलांची पात त्यावर गोल गोल फिरवायची. बैलांनी दाणे खाऊ नयेत म्हणून तोंडाला मुसकी. बैलानं शेण टाकलं तर ते खाली पडायच्या आत धरायला मागं एखादं पोर. मग उफणणी. वावडी म्हणजे तीन पायांची उंच तिवई. तिच्यावर उभं राहून वाऱ्याच्या अंगानं पाटी हळूहळू ओतायची. भुसकट उडून लांब पडतं, दाणा पायाशी पडतो.

आजींना मी विचारलं, वावडीवर कोण चढायचं? म्हणाल्या, गडी. बाया खालून पाट्या भरून द्यायच्या. खळं सारवायचं ते बायांनी. दाण्यावरचं भुसकट हातणीनं झाडायचं ते बायांनी. शेवटी उरलेलं मातेरं सुपात घेऊन, पाखडून, घोळून त्यातला दाणा अन् दाणा वेगळा करायचा तोही बायांनीच. पण रास मापायला बसला की माप गड्याच्या हातात.

या मापाचा हिशेबही ऐका. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. मोजताना पहिल्या मापाला "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं. लाभ, दोन, तीन असं मोजायचं.

बी. ए. ला असताना त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे १९१५ सालचं पुस्तक मी वाचलं होतं, ते या वेळी पुन्हा काढलं. बलुतेदारांचा खळ्यावरचा वाटा त्यात मांडलेला आहे. विळ्याला धार लावणारा लोहार, तिवडा आणि पाभर करणारा सुतार, यांना वर्षभर रोख काही मिळायचं नाही. त्यांचं बलुतं राशीतून. म्हणजे अवजार स्वस्त होतं असं आपण म्हणतो, पण त्याची किंमत धान्यात चुकती व्हायची आणि कमी-जास्त झालं तर भांडायची सोय फार थोड्यांना होती. महार-मांगांकडून तर खळं राखण्यापासून किती कामं करून घेत आणि देताना हात कसा आखडत, हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारा. जुनं ते सगळं सोनं, असं मला तरी म्हणवत नाही.

शिवाय सरवा. रान निघाल्यावर मागं पडलेली कणसं वेचायला गरिबाघरच्या बाया आणि पोरं यायची. कुणाच्या हिशेबाच्या वहीत तो सरवा नसायचा, पण कितीतरी चुली त्यावर पेटल्या.

पुढं यंत्रं आली ती एकदम नाही आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्यातून सुरुवातीला जो माल निघाला त्यात कडबा कापायचं यंत्र होतं आणि लोखंडी नांगर. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. शेजारच्या गुजरातेत, सुरतेजवळच्या ओलपाडच्या नावानं ओळखलं जाणारं मळणीचं अवजार आलं. लोखंडी चकत्यांची रांग, ती बैलांनी पसरलेल्या पिकावरून ओढायची. आपल्याकडं दगडी रूळही फिरले. मग ट्रॅक्टर खळ्यात फिरवू लागले. डांबरी सडकेवर कणसं पसरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडून मळणी करून घेणारे अजूनही दिसतात. ते मात्र करू नका, बरं का. रात्री दुचाकी घसरून माणसं पडतात.

नंतर आलं ते आपण ज्याला नुसतं "मशीन" म्हणतो ते, ट्रॅक्टरवर किंवा मोटरवर चालणारं मळणीयंत्र. आठ दिवसांचं काम दोन तासांवर आलं. बैल सुटले, पोरं शाळेत जाऊ लागली, बायांची पाठ वाचली. हे खोटं नाही. पण दुसरी बाजूही आहे. या यंत्रांनी देशभर इतक्या जणांचे हात घेतले की १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. यंत्रावर राबणाऱ्याला भरपाई मिळावी, अशी तरतूद त्यात आहे. भारतीय मानकात तर मापही दिलेलं आहे. कणसं लोटायचं तोंड किमान ९० सेंटिमीटर लांब हवं आणि त्यातलं ४५ सेंटिमीटर वरून झाकलेलं हवं. कारण सरळ आहे. तेवढ्या अंतरात हात आतल्या ढोलापर्यंत पोचत नाही.

आता तुमच्या गावात येणाऱ्या मशीनचं तोंड आठवून बघा.

आमच्या गावातल्या एका बाईचा हात गेला. संध्याकाळची वेळ, कणसं जरा ओलसर, आत सरकेनात म्हणून तिनं हातानं रेटली. बांगड्या होत्या, पदर खोचलेला नव्हता. उजवा हात कोपरापासून गेला. शेतकऱ्यांसाठी अपघाताच्या मदतीची सरकारी योजना आहे, त्यात एक हात गेला तर १ लाख रुपये मिळतात. पण ती सातबारावर नाव असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरातल्या एका माणसासाठी. ही बाई रोजानं आलेली, घरात सातबाराच नाही. बलुत्याच्या हिशेबात जशी ती नव्हती, तशी इथंही नाही.

म्हणून मशीन मिळालं नाही त्याचं मला पुढं फारसं वाईट वाटलं नाही.

आमच्याकडं बैल नव्हते, तिवडा नव्हता. शाळू हातानं उपटला. कणसं खुडायला दोन प्रकारचे विळे वापरून बघितले. एक आपला नेहमीचा आणि एक दातेरी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'वैभव' विळा असा दातेरी आहे, हलका आहे, सारखी धार लावत बसावं लागत नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा 'नवीन' विळाही तसाच. भात-गव्हाला हे फार चांगले. जोंधळ्याचं कणीसही सहज सुटतं, पण जाड ताट तोडायचं असेल तर आपला जुना जड विळाच बरा, असं आमच्या सगळ्यांचं मत पडलं. त्याच भोपाळच्या संस्थेची मका सोलायची लोखंडी नळी एका गटाकडून पाहायला आणली होती. मुठीत मावते, आतून धारा असतात, कणीस आत घालून पिळायचं. तासाला साधारण २० किलो दाणा निघतो आणि बोटं सोलत नाहीत. मक्यावाल्या गटांनी जरूर घ्यावी.

कणसं आठ दिवस वाळवली, ताडपत्रीवर पसरली आणि काठ्यांनी बडवली. तीन सकाळी गेल्या. खाज विचारू नका. डोक्याला, तोंडाला फडकी बांधली तरी अंग पेटलं होतं. चौथ्या दिवशी वाराच पडला. मग एकीच्या माळ्यावर सासऱ्यांच्या काळचा हातानं फिरवायचा उफणणी पंखा होता, तो खाली काढला. मालक तो भंगारात द्यायला निघाले होते. दांडा गंजला होता, तेलपाणी केलं आणि फिरला. दोघी आळीपाळीनं दांडा फिरवायच्या, एक वरून पाटी ओतायची. ओतणारी जुन्या लाकडी स्टुलावर उभी होती. वावडीवर बाई चढली म्हणून कुणी काही बोललं नाही, कारण बोलायला तिथं कुणी गडी नव्हताच.

तीन पोत्यांना थोडं कमी भरलं. मातेरं आजींनी दुपारभर सुपात घोळलं, त्यातून आणखी अधोलीभर निघालं. पंखा आता गटाच्या खोलीत आहे. दरमहा बचत लिहितो त्या वहीच्या मागच्या पानावर अवजारांची नोंद सुरू केली आहे. पंखा एक, दातेरी विळे चार, ताडपत्री एक. पुढच्या साली मशीन बोलवायची वेळ आलीच तर आधी टेप घेऊन त्याचं तोंड मोजायचं, हेही तिथंच लिहून ठेवलंय.

वाटप करायला मी वजनकाटा आणला होता. आजींनी तो बाजूला सारला. घरून पदराखाली जुनी पितळी अधोली आणली होती त्यांनी. राशीपुढं मांडी घातली, अधोली शिगोशीग भरली, माझ्या पिशवीत ओतली आणि म्हणाल्या, "लाभ."